‘फेरी बंद’ हा शेरा

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील वडीलधारी माणसे पगाराविषयी फारशी चौकशी करीत नाहीत. भत्ता वाढला की घटला, राहावयास सरकारी जागा मिळणार की भाड्याची शोधावी लागणार, हे सारे प्रश्न पुढचे. पहिला प्रश्न एकच असतो: “गाडी थेट जाते का?” भोपाळ, हैदराबाद, दिल्ली असे उत्तर आले म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु ‘आसाम’ हा शब्द उच्चारला की मुलगा नोकरीवर चालला नसून वनवासास निघाला आहे, अशी सर्वांची समजूत होते, आणि लाडवांच्या डब्याचा आकार आपोआप वाढतो.

या प्रश्नाला आपण हसतो. पण त्यात मोठे शहाणपण साठवलेले आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. दोन गावांमधील अंतर मैलांनी वा किलोमीटरांनी मोजावयाचे नसते; वाटेत किती वेळा उतरावे लागते, किती वेळ तिष्ठावे लागते आणि पुढचे वाहन मिळेल याची कितपत खात्री असते, यावरून ते मोजावयाचे असते. मुंबईहून दिल्ली जवळ आहे, आणि नदीच्या या काठावरून पलीकडचा काठ दूर आहे. हे वाक्य ज्यांना कोड्यासारखे वाटेल, त्यांनी एकदा आमच्या टेबलाशी येऊन बसावे.

आम्ही जोरहाट येथील एका केंद्रीय कार्यालयात कारकून आहोत. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या वाटेने या खुर्चीत येऊन बसलो, आणि आमच्या वाट्यास प्रवासभत्त्याची बिले तपासण्याचे काम आले. कोणी हेवा करावा असे हे काम नव्हे. दौऱ्यावर गेलेला अधिकारी किती वाजता निघाला, कोणत्या वाहनाने गेला, किती अंतर कापले, कोठे व का मुक्काम केला, हे रकान्यारकान्यांतून पाहावयाचे आणि शेवटी लाल शाईची खूण करावयाची. यांपैकी अगदी उजवीकडचा रकाना शेऱ्याचा. इतर प्रांतांत तो बहुधा कोरा असतो. येथे तो भरलेला असतो: ‘नदीस पूर, फेरी बंद.’ ‘दाट धुके, फेरी तीन तास उशिरा.’ ‘घाट दुसरीकडे हलविला.’ ‘दरड कोसळल्यामुळे गाडी रद्द, दोन दिवस मुक्काम.’ चार वर्षे हा रकाना वाचीत आल्यामुळे, भिंतीवरील नकाशापेक्षा त्यानेच आम्हांस या राज्याची अधिक ओळख करून दिली आहे.

मध्यंतरी लेखापरीक्षणाच्या एका चमूने आक्षेप काढला की बारा-चौदा किलोमीटरच्या प्रवासास दोन दिवस का लागावेत? आक्षेप नियमास धरूनच होता. उत्तराचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही फेरीचे वेळापत्रक, त्या आठवड्यातील पुराचे इशारे आणि घाटावरील सूचनेची प्रत जोडून चार ओळींचे उत्तर दिले, आणि आक्षेप निकालात निघाला. परंतु फाइल बंद करताना मनात आले, की सरकारी नोकराच्या दोन दिवसांचा जाब विचारणारी यंत्रणा निदान आहे. ज्यांचे बिल कोठेच सादर होत नाही, त्या शेतकऱ्याच्या, विद्यार्थ्याच्या, बाळंतिणीच्या दोन दिवसांचा जाब कोणी कोणास विचारावा?

जे वाचक या बाजूस कधी आले नसतील त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगणे भाग आहे. ब्रह्मपुत्र आसामच्या मधोमध पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. (होय, वाहतो. ही नदी पुरुषवाचक आहे, आणि या नदाची वागणूक पाहिली म्हणजे व्याकरणाची सत्यता पटते.) सदियापासून धुबरीपर्यंतची त्याची ८९१ किलोमीटरची वाट १९८८ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाली. गुवाहाटीपाशी टेकड्यांच्या मध्ये सापडल्यामुळे त्याचे पात्र आखडते. तेथेच सराईघाटचा पहिला पूल झाला आणि १९६२-६३ साली तो वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी आगगाडी उत्तर काठावरील आमीनगावास थांबे आणि उतारू बोटीने पांडूस येत. दुसरा काठ-जोड पूल तेजपूरजवळ व्हावयास १९८७ साल उजाडले. तिसरा जोगीघोपा येथे १९९८ साली झाला. या मोजक्या ठिकाणांखेरीज सर्वत्र दोन्ही काठांची माणसे नावेवरच अवलंबून राहिली.

या राज्याच्या वाटा अशा तुटक का, याचे उत्तर केवळ नदीत नाही, इतिहासातही आहे. फाळणीपूर्वी आसामचा माल आणि माणूस पूर्व बंगालमधून ये-जा करी. आसाम-बंगाल रेल्वे चितगावच्या बंदराकडे उतरे, चहाच्या पेट्या बोटींतून खाली जात. १९४७ साली नकाशावर एक रेघ ओढली गेली, आणि एका रात्रीत हे राज्य उर्वरित देशाशी रुळांनी जोडलेले राहिले नाही. उरली ती सिलिगुडीजवळची चिंचोळी पट्टी, सर्वांत अरुंद जागी सुमारे वीस-बावीस किलोमीटर रुंद. पुढे १९६५ च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून होणारी जलवाहतूकही थांबली, ती बांगलादेशाशी १९७२ साली करार होईपर्यंत.

परंतु याच इतिहासात एक उजळ पान आहे, आणि राज्याच्या वाहतुकीसाठी पैसा मागणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावे असे आहे. तुटलेला आसाम पुन्हा जोडण्यासाठी ‘आसाम रेल लिंक’ हे काम हाती घेण्यात आले. कर्नैल सिंग या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या, जंगल, हिवताप व पाऊस यांना तोंड देत, किशनगंजपासून फकिराग्रामपर्यंत सुमारे २२९ किलोमीटरचा मार्ग दोन वर्षांत जोडला गेला. आणि २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, त्यावरून उतारूंची गाडी धावली. त्या काळी देशाकडे पैसा बेताचाच होता, यंत्रे थोडी होती, निर्वासितांचा प्रश्न पुढे उभा होता. तरीही ते झाले. कारण ते न केल्यास काय होईल, हे सर्वांस स्पष्ट दिसत होते.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. दिब्रुगडजवळील बोगीबील पुलाची कोनशिला जानेवारी १९९७ मध्ये बसविली गेली, प्रत्यक्ष कामास २००२ साली आरंभ झाला, आणि २५ डिसेंबर २०१८ रोजी तो खुला झाला. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचा, वर रस्ता आणि खाली रूळ असलेला हा पूल पाहताना अभिमानाने छाती भरून येते, यात शंका नाही. पण कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंत एकवीस वर्षे गेली. त्या वर्षी जन्मलेली मुलगी पूल खुला होईतो पदवीधर झाली. ‘लाहे लाहे’, म्हणजे हळूहळू, हा असमिया माणसाचा आवडता शब्द आहे. त्यावरून बाहेरचे लोक त्याची थट्टा करतात. आमच्या मते हा शब्द त्याने स्वतः होऊन निवडलेला नसून, आमच्यासारख्यांच्या फाइलींनी त्याला शिकविला आहे.

मोठे पूल होत आहेत, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने नोंदवितो. लोहित नदीवरील ९.१५ किलोमीटर लांबीचा ढोला-सदिया पूल मे २०१७ मध्ये खुला झाला आणि त्याला भूपेन हजारिका यांचे नाव दिले गेले. धुबरी आणि मेघालयातील फुलबाडी यांना जोडणाऱ्या एकोणीस किलोमीटरच्या पुलाचे काम चालू आहे. तो झाला म्हणजे आज रस्त्याने २०५ किलोमीटरचा वळसा घालावा लागतो तो वाचेल. यांपैकी एकाही रुपयास आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. वाहतुकीचे जाळे हे साखळीसारखे असते. तिची ताकद सर्वांत जाड कडीवरून ठरत नाही, सर्वांत बारीक कडीवरून ठरते. आणि आसामातील बारीक कडी म्हणजे घाट: नावेत चढण्याची ती निसरडी उतरण, ती डळमळणारी फळी, आणि तेथपर्यंत नेणारा, पावसाळ्यात नाहीसा होणारा रस्ता.

जोरहाट शहरापासून चौदा-एक किलोमीटरवर निमाती घाट आहे. तेथून फेरी माजुली बेटास जाते. माजुली म्हणजे वैष्णव सत्रांची भूमी. २०१६ साली तिला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पाणी आणि प्रवाह पाहून तास-दीड तासात नाव पलीकडे लागते. माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेचे मास्तर, सासरी निघालेली मुलगी, कधी एखादी मोटार, हे सारे एकाच नावेत. मोटार दोन फळ्यांवरून नावेवर चढविली जाते, तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास थांबतो. चढविणारा मात्र विडी ओढीत असतो. नदी काठ कापीत असल्यामुळे घाटही स्थिर नसतो. मागील वर्षी जेथे चहाची टपरी होती, तेथे यंदा पाणी असते. दिवस मावळण्यापूर्वी शेवटची फेरी सुटते, आणि त्यानंतर एक जिल्हा उजाडेपर्यंत नदीपलीकडे राहतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये येथे मोटारी वाहणाऱ्या मोठ्या नावेची सेवा सुरू झाली, त्या वेळी सरकारी माहितीत दिलेले आकडे आम्ही टिपून ठेवले आहेत: वाहनांना रस्त्याने पडणारा ४२० किलोमीटरचा वळसा चुकून अंतर १२ किलोमीटर होणार. चारशे वीस आणि बारा! एका घाटाची किंमत याहून स्पष्ट शब्दांत कोणी मांडील असे वाटत नाही. माजुलीच्या पुलाचे भूमिपूजनही त्याच महिन्यात झाले. चार वर्षांची ठरलेली मुदत उलटली, पूल अद्याप व्हावयाचा आहे. आणि त्याच वर्षी, ८ सप्टेंबर २०२१ रोजी, निमाती घाटाजवळ उतारूंनी भरलेली एक खाजगी नाव आणि एक सरकारी फेरी यांची टक्कर होऊन नाव उलटली. जीवितहानी झाली. त्यानंतर एका इंजिनाच्या खाजगी नावांवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. पण नाव बंद करणे हा सुरक्षिततेचा अर्धा भाग झाला. तिच्या जागी चांगली नाव देणे हा दुसरा अर्धा.

आमचे एक सहकारी माजुलीचे आहेत. आमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असल्यामुळे ते आम्हांस ‘दादा’ म्हणतात. आपल्याप्रमाणेच त्यांच्या भाषेतही आईला ‘आई’च म्हणतात, हे आम्हांस प्रथम त्यांच्याकडूनच कळले. जानेवारीतील एका संध्याकाळी त्यांच्या धाकट्या भावाचा बेटावरून फोन आला. चुलीपाशी बसलेली आई एकाएकी कलंडली. उजवा हात हलत नाही, बोलणे समजत नाही. बेटावरील डॉक्टरांनी पाहून, जे करण्यासारखे होते ते केले आणि सांगितले: “ताबडतोब जोरहाटला न्या.” ताबडतोब! शेवटची फेरी सुटून दोन तास झाले होते. नदीवर धुके उतरले होते. एकही नावाडी निघावयास तयार होईना, आणि त्याला दोष कोण देणार? अंधारात वाट दाखविणारा एक दिवा नदीत नाही. वाळूचे बांध रोज जागा बदलतात.

आम्ही दोघे आमच्या स्कूटरवरून घाटावर गेलो. जाऊन करण्यासारखे काही नव्हते. पण घरी बसणेही शक्य नव्हते. टपऱ्या बंद होत्या. सहकारी पाण्याच्या कडेला उभे राहून समोर पाहात होते. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, “दादा, समोरच आहे हो ती. पण पलीकडचा दिवासुद्धा दिसत नाही.” आम्हांस उत्तर सुचले नाही. अशा वेळी मराठीतही शब्द नसतात, हिंदीतही नसतात. पहाटे धुके विरळ झाल्यावर पहिली नाव आली, तिच्यात बाजेवर निजवलेली ती माउली होती. शहरातील डॉक्टरांनी कसोशीने उपचार केले, आणि ती वाचली. पण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या सुमारे साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते; ते तास नदीने घेतले होते. आज ती डाव्या हाताने जेवते. मुलाचे नाव घेता येत नाही. तो आला की त्याच्या मनगटाला धरून ठेवते.

हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावयाचा? आमच्या कार्यालयात भांडवली खर्चाचे शीर्ष आहे, महसुली खर्चाचे आहे, किरकोळ खर्चाचेही आहे. न बांधलेल्या घाटामुळे झालेल्या खर्चाचे मात्र शीर्ष नाही. पूल बांधावयाचा म्हणजे कोटींचा आकडा समोर येतो आणि अर्थखाते दचकते. न बांधल्याचा आकडाही तितकाच मोठा असतो. पण तो लाखो घरांत सुट्या पैशांसारखा विखुरलेला असल्यामुळे त्याची बेरीज कोणी करीत नाही. घाटावर सुकलेली भाजी, चुकलेली मुलाखत, दोन दिवस उशिरा पोचलेली औषधे, परीक्षेच्या आदल्या रात्री नातलगाकडे काढलेला मुक्काम, यांची बिले कोणाकडेही जात नाहीत.

आमच्या या मतावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि ते घेणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना आदराने उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की ही नदी कोणाचे ऐकत नाही. येथे पैसा ओतणे म्हणजे अक्षरशः पाण्यात घालणे. नदी ऐकत नाही हे खरे. राज्याच्या जलसंपत्ती खात्याच्या हिशेबाप्रमाणे १९५० पासून ४.२७ लाख हेक्टर जमीन तिने खाल्ली आहे. राज्याच्या क्षेत्रफळाच्या ७.४ टक्के. पण यावरून निष्कर्ष उलटा निघतो. जेथे काठ हलतो, तेथे काठावर पक्का धक्का बांधणे मूर्खपणाचे. तेथे काठाबरोबर हलणारा, तरंगता धक्का हवा. पाण्याची पातळी वाढली की तो वर येतो, काठ कापला गेला की ओढून दुसरीकडे नेता येतो. यात नवलाचे काही नाही. जगातील कित्येक नद्यांवर ते आहे. जानेवारी २०२० मध्ये आसामच्या जलवाहतुकीसाठी जागतिक बँकेशी आठ कोटी ऐंशी लाख डॉलरच्या कर्जाचा करार झाला, त्यामागेही अशा सुधारलेल्या घाटांचा आणि सुरक्षित नावांचाच विचार आहे. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही, मनावर घेण्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की इतक्या विरळ वस्तीसाठी इतका खर्च परवडत नाही. उत्पन्न कोठून येणार? हा आक्षेप ऐकला की आम्हांस आमचे कोकण आठवते. आमचे मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबईचा प्रवास बोटीने केला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, ती हकीकत आमच्या घरी श्रावणातल्या पावसाळी रात्री हलक्या आवाजात सांगितली जाई. वडिलांच्या पिढीने घाटरस्त्यांवर एस.टी.त रात्री काढल्या. कोकणात रेल्वे म्हणजे तोट्याचा व्यवहार, असे म्हणणारे जाणते लोक तेव्हाही होतेच. तरीही १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राने ५१ टक्के वाटा उचलला. महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६. उरलेला पुष्कळसा पैसा रोख्यांच्या रूपाने लोकांकडून उभा केला. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा, ई. श्रीधरन यांची कामाची शिस्त, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. तेव्हापासून मुंबईतील चाकरमानी गणपतीला घरी ‘पोचेल का’ असे कोणी विचारीत नाही. ‘तिकीट मिळाले का’ असे विचारतात. प्रश्न बदलणे हीच प्रगती.

कोकण रेल्वेच्या उदाहरणातील खरा धडा मात्र उद्घाटनानंतरचा आहे. २००३ आणि २००४ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत दरडी-दगडांमुळे मोठे अपघात झाले. त्यानंतर डोंगरांच्या उतारांना पोलादी जाळ्या बसल्या, माथ्यावरून पाणी वळविण्याची कामे झाली, पावसाळ्याचे वेगळे आणि मंद वेळापत्रक आले, रुळांवर गस्त वाढली. या कामांना फीत कापणारा कोणी मिळत नाही. पण मार्ग त्यांच्यावर टिकतो. आसामातील लामडिंग-सिलचर हा डोंगरी मार्ग २०१५ साली रुंद झाला, तेव्हा बराक खोऱ्यात दिवाळी झाली. मे २०२२ मध्ये अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, न्यू हाफलाँग स्थानक चिखलाखाली गेले, आणि सुमारे दोन महिने बराक खोरे, त्रिपुरा, मिझोराम यांचा रेल्वेचा धागा तुटला. त्या दोन महिन्यांतील बिलांचा शेऱ्याचा रकाना आम्ही विसरलेलो नाही. डोंगराच्या पाण्याला वाट करून देणे हासुद्धा भांडवली खर्च मानला पाहिजे. ती चैन नव्हे, विमाही नव्हे, तो मार्गाचाच भाग होय.

मग आमची मागणी तरी काय? ती फार मोठी नाही. प्रत्येक महत्त्वाच्या घाटावर तरंगता धक्का, उजेड आणि बारमाही पोचरस्ता. रात्री निदान रुग्णासाठी नदी ओलांडता येईल अशी दिशादर्शक दिव्यांची व्यवस्था आणि त्यासाठी सज्ज असलेली एक नाव. फेरी लागली की समोर बस उभी असेल असे जुळवलेले वेळापत्रक. ज्या १९४८ सालच्या १ जूनला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरास पहिली एस.टी. धावली, त्याच वर्षाच्या आरंभी गुवाहाटी-नगाव मार्गावर आसामच्या सरकारी बसचाही जन्म झाला. म्हणजे ही दोन भावंडे समवयस्क आहेत. एकीने ‘गाव तेथे एस.टी.’ हा ध्यास घेतला, तर दुसरीने ‘घाट तेथे बस’ हा का घेऊ नये? डॉक्टरांना घेऊन चरांवर, म्हणजे नदीतील वाळूच्या बेटांवर, जाणाऱ्या दवाखान्याच्या नावा २००५ पासून या नदीत फिरत आहेत. नाव हे मागासलेपणाचे चिन्ह नाही. निकृष्ट नाव हे आहे.

पैशाचेही सांगतो, कारण त्याशिवाय कारकुनाचे लिखाण पुरे होत नाही. केंद्र सरकार २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी साहाय्य देत आले आहे. त्याचा काही ठरावीक भाग घाटांसाठी आणि पोचरस्त्यांसाठी राखून ठेवता येईल. देखभालीचा प्रश्न ग्रामसडक योजनेने अंशतः सोडविला आहे: २००० साली सुरू झालेल्या त्या योजनेत जो ठेकेदार रस्ता बांधतो, त्याच्यावरच पाच वर्षांच्या देखभालीचा भार करारानेच टाकलेला असतो. घाटांचे करारही तसेच व्हावेत. आणि देखभालीची रक्कम मार्च-अखेरीस परत जाऊ नये. कारण या प्रदेशात खरे नुकसान एप्रिलच्या पावसापासून सुरू होते, जेव्हा मागील वर्षाचा पैसा संपलेला आणि नव्या वर्षाचा हुकूम यावयाचा असतो.

कोणी म्हणतील, तुम्ही परप्रांतीय. तीन-चार वर्षांनी बदली होईल आणि निघून जाल. तुम्हांस ही उठाठेव कशाला? हे बोलणे आमच्यासारख्या प्रवासी नोकरांना लागू पडते, म्हणून त्याचे उत्तर आपल्या मासिकातच दिलेले बरे. आपण जेथे जातो तेथे मंडळ स्थापतो, गणपती बसवितो, दिवाळी अंक मागवितो; ते सर्व चांगलेच आहे. परंतु ज्या भूमीचे मीठ खातो तिच्या वाटा कशा आहेत, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? आपण वळसा घालून आलो आहोत. थेट गाडी म्हणजे काय सुख असते हे दुसरीकडे अनुभवून आलो आहोत. कोणी रेल्वेत असाल, कोणी टपालात, कोणी हिशेबखात्यात. टिपणी लिहिताना एक परिच्छेद अधिक लिहावा; ‘स्थानिक परिस्थिती’ एवढ्या दोन शब्दांत नदी गुंडाळून ठेवू नये; तारीख, वेळ, वाट पाहिलेले तास, वळशाचे किलोमीटर हे आकड्यांत नोंदवावे. सरकार आपल्या हुंदक्याने हलत नाही, हे आपण सर्वच जाणतो. पण नोंदलेल्या आकड्याने कधी ना कधी हलते.

आम्ही आपल्या परीने आरंभ केला आहे. बिल तपासताना शेऱ्याच्या रकान्यातील प्रत्येक ‘फेरी बंद’ आम्ही एका निराळ्या वहीत तारखेसह उतरवून घेतो, आणि दर सहा महिन्यांनी त्याचा गोषवारा साहेबांच्या सहीने वर पाठवितो. पहिला गोषवारा गेला तेव्हा पोच आली; दुसऱ्याच्या वेळी एक प्रश्न आला. लाहे लाहे का होईना, कागद सरकतो आहे. आमच्या सहकाऱ्यांनी आता आपल्या गावच्या माणसांकडून तशीच एक वही सुरू केली आहे. तिच्यात सरकारी नोकर नाहीत, शाळेतील मुले आहेत, दूधवाले आहेत, आजारी माणसे आहेत. ती वही आमच्या वहीपेक्षा जाड होत चालली आहे. पुढच्या गोषवाऱ्याला ती जोडावयाची असे ठरले आहे.